दुधासंग गोळी

माझी बायको गेली, तोवर तिलाही हे कळलं नाही. शेवटी-शेवटी ती म्हणायची, मनात काही ठेवू नका. मी ठेवलं. तुला सांगून राहिलो गड्या, कारण तू माझ्या गावचा नाहीस. उद्या चौकात भेटलो तर तुला माझ्यापासून नजर चोरावी लागणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथी पास नाही — चौथीपर्यंत. हे आधी सांगतो, कारण आग तिथूनच लागली.

सौंसरच्या बाजूला, रामाकोना गावाच्या अलीकडे आमची संत्र्याची वाडी. अर्धी थोरल्या भावाची, अर्धी माझी, विहीर एकच. मोटरच्या पेटीला कुलूप आणि चावी वहिनीच्या कमरेला. बापानंच तसं ठरवून दिलं होतं, त्याचं मला काही नव्हतं. आता संत्र्याचं असं, की थंडीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला उपाशी ठेवतात, पानं मलूल होऊ देतात. मग वेळेवर पाणी सोडलं की फूल फुटतं. वेळ टळली तर फूल जातं, फार टळली तर झाडच जातं. त्या वर्षी वेळ आली तेव्हा भाऊ आपल्या झाडांना पाणी सोडून सोयऱ्यांकडे गेला होता. मी चावी मागायला गेलो. अंगणात कापूस वेचून आलेल्या बाया चहा पिऊन राहिल्या होत्या. वहिनी सातवी पास. तिनं कमरेला हातही लावला नाही.

"ज्याले नीट सही येत नाई, त्याले मोटरीचं बटन कोन दाबू देते? जाळून ठेवसान, भाऊजी. हे येऊ द्या घरी."

बाया हसल्या. एकीला तर ठसका लागला.

दुसऱ्यांदा मागितली असती तर तिनं दिली असती का? कदाचित दिली असती. पण मी दुसऱ्यांदा मागत नाही — कोणालाच नाही. कुलूप तोडता आलं असतं, तेही केलं नाही. भाऊ उशिरा आला. माझी झाडं वाळली. मी माझ्या हातानं तोडली. त्या लाकडावर बायको पुढे किती तरी महिने भाकरी भाजत होती, आणि मी ती भाकरी खात होतो — त्या हसण्यासकट.

मग वर्षं गेली. भाऊ गेला. पुतण्या नागपूरला नोकरीवर. वहिनी एकटी राहिली, माझ्या घराला भिंत लागून. वाकत चालली होती. दिवसभर दातांना तंबाखूची गुडाखू घासायची, घराबाहेर उन्हात यायची नाही. एकदा गोठ्यात नुसती बसकण मारल्यासारखी पडली, त्यात मनगट मोडलं. पुतण्याचा फोन आला, "काका, तुम्ही घेऊन जाता का सौंसरच्या दवाखान्यात?" गेलो. का गेलो? माणुसकी होती, का तिला पडलेली पाहायची होती? मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

डॉक्टरनं हात पाहिला, तपासण्या केल्या, मग उलटसुलट विचारलं. गर्भाची पिशवी तरुणपणी काढली होती का? वहिनीनं माझ्याकडे न पाहता मान हलवली. आईला कुबड होतं का? होतं. मग तो माझ्याकडे वळला, कारण वहिनीला ऐकू कमी येतं आणि त्याची हिंदी भरभर. म्हणाला, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं म्हणजे ते आतून विरलं आहे. पुढच्या वेळी खुब्याचं मोडेल. या वयात खुबा मोडला की पुष्कळ माणसं पुन्हा धड चालत नाहीत. तर आठवड्यातून एक गोळी — सकाळी उपाशी पोटी, भरून पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, पोटात दुसरं काही घालायचं नाही. चहा नाही. आणि दूध तर नाहीच, दुधानं गोळी अंगाला लागत नाही, फुकट जाते. दूध प्यावं, पण दुपारी, जेवणासोबत. गुडाखू सोडावी. उन्हात थोडं चालावं. न्हाणीत धरायला दांडा ठोकून घ्यावा, ओलं राहू देऊ नये.

"समझ गए ना, दादाजी?"

समजलं होतं. न शिकलेल्या माणसाजवळ ऐकलेलं धरून ठेवण्याशिवाय दुसरं असतं काय?

येताना बसमध्ये वहिनीनं विचारलं, "काय म्हने, भाऊजी?" मोडका हात तिनं लेकरासारखा मांडीवर धरला होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन बोललो, "आठवड्यातून एक गोळी. सकाळी. कपभर दुधासंग."

जीभ घसरली नाही, गड्या. मी शब्द निवडला. न्हाणीच्या दांड्याचं तर बोललोच नाही.

कोणाला शंका आली असेल? कशी येईल? हाड पांढरं, दूध पांढरं — आमच्याकडे लेकरू पडलं तरी आधी दूधच पाजतात. शेजारीण रविवारी म्हशीचं दूध आणून देऊ लागली. पुतण्याही फोनवर म्हणाला, बरोबर आहे. वहिनी भिंतीपलीकडून विचारायची, "भाऊजी, दूध गरम चालते ना?" मी ओरडून म्हणायचो, चालते. आणि मला बरं वाटायचं. हे सांगायला जड जातं, पण खरं तेच आहे — बरं वाटायचं. दर रविवारी माझी वाळलेली झाडं थोडी-थोडी वसूल होत होती.

दोनेक वर्षांनी ती न्हाणीत पडली. भिंतीतून आवाज आला आणि मला पाहायच्या आधीच कळलं. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, दुसऱ्याहून आखूड दिसत होता. ती ओरडत नव्हती, नुसती माझा हात धरून होती. नागपूरला ऑपरेशन झालं, खुब्यात लोखंडी गोळा बसवला. तिथला डॉक्टर म्हणाला, गोळी चालू असून हाड इतकं कमजोर कसं? बरोबर घेत होत्या ना? पुतण्या म्हणाला, "एक रविवार चुकला नाही, सर. काका स्वतः लक्ष ठेवत होते." मी तिथंच उभा होतो. डॉक्टरनं गोळी बंद करून वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध लिहिलं. दुधाचं कोणी विचारलंच नाही.

गोळी नीट घेतली असती तरीही पडली असती, मोडलं असतं — असं म्हणायला जागा आहे. मी म्हणत नाही.

घरी आल्यावर तिनं मला बोलावलं. वॉकर धरून उभी होती. लुगड्याच्या कमरेतून चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "मले आता विहिरीपर्यंत जावत नाई. तुमच्यावानी माह्या पोरानंही केलं नाई, भाऊजी." मग थांबून म्हणाली, "हिरवं बटन चालूचं हाय. लाल दाबसान नाईतर." आणि हसली. तेच हसणं.

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी मूठ मिटली.

मी नवी झाडं लावली आहेत. पाण्याची नाली तिच्या दारासमोरून जाते. पाणी आलं की ती वॉकर सरकवत ओट्याच्या काठापर्यंत येते आणि मला ओरडून सांगते, आलं, भाऊजी, आलं. सूड पुरा झाला का? झाला. चावी माझ्या कमरेला आहे, चालताना मांडीला लागते. मी रोज विहिरीवर जातो आणि हिरवं बटन दाबतो.