दिगूने सोडलेली जागा

दिगू गेल्याची बातमी मला चाळीच्या मोबाइल ग्रुपवर कळली. सोबत भजनातला फोटो होता. कपाळाला बुक्का, पुढ्यात पेटी, मान जराशी वर. खाली ‘आमचे बुवा गेले’ एवढंच लिहिलं होतं. मी ऑफिसात होतो. खुर्चीवरून उठलो, कुठे जायचं ते सुचेना, म्हणून पुन्हा बसलो... दोन दिवसांनी एका मित्राने संगीतावरच्या कुठल्याशा साइटवरचा मजकूर पाठवला. ‘बॉयलर’ या मुंबईतल्या जुन्या हेवी मेटल बँडच्या मधल्या काळातला, फारसा माहीत नसलेला गायक दिगंबर राऊळ याचं निधन झालं, असं त्यात होतं. पुढे एक वाक्य होतं : आवाजाला धार होती, पण दमसास बेताचा. आता पाच-सहा आठवडे झाले, तरी ते वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. दिगूचा दमसास बेताचा नव्हता. तो कापला गेला, दादरच्या एका स्टुडिओत, ब्लेडने. हे ठाऊक असलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यातला एक मी आहे, म्हणून लिहितो आहे.

मी तालुक्याच्या शाळेतून शिकून कॉलेजसाठी मुंबईला आलो तो घोडपदेवला मावशीकडे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गिरण्यांचा संप होऊन काही वर्षं लोटली होती, पण तो संपला असं कुणीच म्हणत नव्हतं. शेजारच्या खोलीत राऊळ राहायचे. दिगूचे वडील साचेखात्यात मागावर होते. गिरणी सुटली तरी पहाटे उठून, दाढी करून गॅलरीत उभं राहायची त्यांची सवय सुटली नव्हती. भोंगा वाजत नव्हता, पण हा माणूस त्याच्या वेळेला कपडे करून तयार असायचा. दिगू रोज ते बघायचा. वडील डबलबारी भजनातले नावाजलेले बुवा. समोरासमोर दोन मंडळं बसणार, एका बुवाने गाऊन दुसऱ्याला आव्हान द्यायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. दिगू लहानपणापासून वडिलांच्या कोरसमध्ये झांज घेऊन बसलेला. त्याचा गळा तिथेच तयार झाला.

‘बॉयलर’ खरं तर शिवाजी पार्कच्या अजितचा. त्याचा पहिला गायक इंग्रजी गाणी गायचा आणि तो परदेशी निघून गेला होता. लालबागच्या एका गणपतीच्या मंडपात संध्याकाळी डबलबारी होती आणि तिथल्याच साउंडवाल्याकडून भाड्याने घेतलेले स्पीकर परत करायला अजित आला होता. ऐन भजनात माइक गेला. दिगू उभा राहिला आणि माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गायला. अजित स्पीकर ठेवायचं विसरून ऐकत राहिला. पुढच्याच आठवड्यात तो चाळीत दिगूला शोधत आला. शिवाजी पार्कातल्या पेन्शनर मंडळींनी अजितच्या सरावाविरुद्ध सोसायटीत ठराव केला होता, त्यामुळे त्याला गायकाइतकीच जागेचीही गरज होती. दिगूने दोन्ही दिलं. चाळीच्या मागची व्यायामशाळा दुपारनंतर रिकामी असायची. तिथे गिटार आली, ड्रम आले, आणि चाळीला नवीन विषय मिळाला. दिगूची आई दारात उभी राहून विचारायची, “ह्या लोखंडाचा भजन देवाक तरी कळतला मां?” दिगू म्हणायचा, “आये, देव बहिरो नाय, म्हणान तर वाचलंव.”

इंग्रजी दिगूला जमेना. त्याने स्वतःच मराठीत लिहायला सुरुवात केली. पहिलं गाणं वडिलांचंच होतं, पण त्यांना ते कधी सांगितलं नाही. त्याचं पालुपद होतं, ‘भोंगा नाही वाजला, तरी आम्ही उठलो.’ ही ओळ तो ‘आम्ही’पर्यंत टाकायचा आणि गप्प व्हायचा. चांगला भरपूर वेळ गप्प. अजितला वाटायचं, हा शब्द विसरला. सुरुवातीला तो गिटारने ती पोकळी भरून टाकायचा. एकदा दिगूने हात वर करून त्याला थांबवलं. “बुवाने ओळ टाकायची आणि बाजूला व्हायचं. कोरस ती उचलतो. तू जागाच ठेवली नाहीस तर लोकांनी उचलायची कुठे?” अजित म्हणाला, हे रॉक आहे, भजन नाही. दिगू हसून म्हणाला, “लोक तेच आहेत ना?”

आणि लोक तेच होते. लालबागच्या मैदानातला त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम मी मावशीच्या घरच्या टू-इन-वनवर टेप केला. पुढे सगळेच करू लागलो, परळचे, गिरगावचे, कॉलेजांचे. आवाज फाटलेले आहेत, मध्येच कुणी शिट्टी मारतो, कुणी ‘ए, बस ना खाली’ म्हणून ओरडतो. पण दिगूची ओळ येते, थांबते, आणि त्या जागेत शेकडो गळे ‘उठलो’ म्हणतात. बंद गिरण्यांतल्या कामगारांची ती पोरं होती. कुणी वडापाव विकत होता, कुणी सिक्युरिटीच्या गणवेशातच आलेला. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. दिगू विचारत होता आणि उत्तराला जागा ठेवत होता. गाणं कधी आठ मिनिटं चाले, कधी बारा. लोक उत्तर देऊन थकेपर्यंत.

मग कॅसेट कंपनी आली आणि दादरचा स्टुडिओ आला. काचेपलीकडे दिगू एकटा उभा राहिला आणि त्याने नेहमीसारखंच गायलं, जागा सोडत. तिथे नंतर लोकांचा आवाज भरतील, असं तो धरून चालला होता. कंपनीच्या माणसाला मात्र त्या जागा म्हणजे वाया गेलेली टेप वाटली. गाणं चार मिनिटांत बसवायचं होतं. त्याने एकेक जागा ब्लेडने कापली आणि टोकाला टोक जोडून टाकलं. एक ओळ पुरती विझायच्या आत दुसरी तिच्या पाठीवर चढते, श्वास अर्धा ऐकू येतो आणि तुटतो. कॅसेट ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस धावत धावत गातो आहे. तसंच छापूनही आलं. याला दम नाही, असं लोक बोलू लागले. वर्षभरात जुना गायक परदेशातून परतला आणि ‘बॉयलर’ने त्याला परत घेतलं. अजित सांगायला आला तेव्हा दिगू त्याला चहा पाजून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आला.

तो रडत बसला नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. त्याने वडिलांची पेटी घेतली, एका डेकोरेटरकडे साउंडचं काम धरलं आणि पुढची सगळी वर्षं बुवा म्हणून गाजवली. चाळीत कुणी मुद्दाम ती कॅसेट लावली, की तोही सोबत गायचा, पण आपल्या चालीने, आपल्या जागा सोडून. कॅसेट पुढे निघून जायची आणि हा मागे शांतपणे गात राहायचा. “जाऊ दे तिला. तिला घाई आहे,” म्हणायचा. ती कापलेली गाणी त्याने एकदाही कापलेली गायली नाहीत.

माझं त्याच्याशी काय नातं होतं, तेही सांगतो. बीएच्या शेवटच्या वर्षी मला अभ्यासाला जागा नव्हती. मावशीच्या खोलीत आम्ही सातजण. मी व्यायामशाळेच्या कोपऱ्यात बसायचो आणि बँड आला की उठायचो. परीक्षा जवळ आली तेव्हा एका दुपारी मी पुस्तकं गोळा करू लागलो, तर दिगूने मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि अजितकडे वळला. “आमच्या चाळीत एक ग्रॅज्युएट होतोय. गिटारची वायर काढ.” अजित वैतागला, कार्यक्रम तोंडावर आला होता. पण माझी परीक्षा होईपर्यंत ‘बॉयलर’ने बिनविजेचा सराव केला. ड्रमऐवजी बाकड्यावर तळवे, आणि दिगूचा आवाज अगदी खालच्या पट्टीत. मी निकाल घेऊन आलो तेव्हा माझ्या वडिलांच्या आधी त्याने मला मिठी मारली. “काय मास्तर,” म्हणाला, “आता आम्हाला विसर.” आज माझ्या नावापुढे जी काही अक्षरं आहेत, ती त्या दबक्या आवाजातल्या सरावाच्या आधारावर उभी आहेत.

त्या दिवसांतली एक टेप माझ्याकडे आहे. पहिल्याच गाण्याची नवीन चाल विसरू नये म्हणून दिगूने टू-इन-वनचं बटण दाबून ठेवलं होतं. ओळ येते, ‘भोंगा नाही वाजला, तरी आम्ही...’ आणि जागा. त्या जागेत कुणी नाही. मी अभ्यास करतो आहे, म्हणून कोणी ओरडायचं नाही. फक्त पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज येतो. ते पान माझं.

गेल्या पंधरवड्यात दिगूच्या पत्नी सुनंदावहिनींनी माझ्या टेपा घेऊन बोलावलं म्हणून गेलो, तर अजित आलेला होता. केस पांढरे, हातात काठी. दिगूच्या स्मरणार्थ जुनी गाणी नव्याने काढायला एक कंपनी तयार झाली होती. मैदानातल्या टेपांतली गर्दी कॉम्प्युटरवर पुसता येईल, म्हणाला, पण त्याला सगळ्यात आवडली ती माझी दबक्या आवाजाची टेप. स्वच्छ आहे, फक्त मधल्या जागा काढल्या की गाणं तयार. हे तो वाईटपणाने बोलत नव्हता. त्याला खरोखरच दिगूसाठी काहीतरी करायचं होतं. पण मी नाही म्हणालो. द्यायची तर जागांसकट, गर्दीसकट, शिट्ट्यांसकट.

“मग कोणी ऐकणार नाही रे,” अजित म्हणाला.

वहिनी चहाचे कप उचलत होत्या. त्या म्हणाल्या, “नाही ऐकलं तर नाही. अर्धा माणूस ऐकण्यापेक्षा बरं. ह्यांना एकदा कापलंत, भावोजी. आता तरी अख्खे राहू देत.”

अजितने काठी भिंतीला टेकवली आणि मैदानातली टेप लावायला सांगितली. पहिली ओळ आली, जागा आली, आणि त्या शेकडो गळ्यांत माइकच्या अगदी जवळ एक गळा गर्जला, ‘उठलो.’ तो अजितचाच होता. गिटार सोडून ओरडलेला. त्याने टेप मागे घ्यायला लावली आणि तेवढंच पुन्हा ऐकलं. जाताना म्हणाला, बोलून बघतो, पण कंपनी नाहीच म्हणेल. ती नाही म्हणालीही, जागा कापूनच द्या म्हणाली. काल त्याचा फोन आला. म्हणाला, तू म्हणतोस तेच बरोबर, नकोच.

तर अशी ही गोष्ट आहे. दिगूची गाणी दुकानात मिळणार नाहीत. ज्यांना ऐकायची आहेत त्यांनी घोडपदेवला यावं. व्यायामशाळा अजून उभी आहे, आणि रविवारी दुपारी मी तिथे टू-इन-वन घेऊन बसतो. परवा ती दबक्या आवाजाची टेप लावली होती. बाकड्यावर तळवे वाजले. दिगू म्हणाला, भोंगा नाही वाजला, तरी आम्ही... आणि बाजूला झाला. पान उलटल्याचा आवाज आला. आता माझी कुठलीच परीक्षा बाकी नाही. त्या जागेत मी तोंड उघडलं आणि माझ्या बेसूर, मोठ्या आवाजात ओळ उचलली.