वाघोबाच्या पंगतीला बंदी

हिरू ठाकरीण भाजी घेऊन बसली की कर्जतच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायला सहसा कुणी जात नाही. याचं कारण तिची जीभ. पूर्वी ही जीभ एकटीच होती. मग तिच्या जोडीला शिट्टी आली. काष्ट्याचं लुगडं, त्यावर पोपटी जाकीट आणि गळ्यात शिट्टी. शेवळ्यांची जुडी उचलून कुणी "एवढीशीच?" म्हणालं की हिरू कानाजवळ शिट्टी फुंकायची. गिऱ्हाईक दचकून पैसे देऊन मोकळं. ज्यांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर ती बसते, ते शब्बीरभाई आतून ओरडायचे, "हिरूबाय, शिट्टी जंगलासाठी दिलीय, बाजारासाठी नाय!"

"मग भाजी काय तुमच्या गोदामात उगवली? ती बी जंगलातलीच हाय!"

जाकीट आणि शिट्टी दिली होती मुंबईच्या एका संस्थेनं. हिरूची वाडी वर डोंगरात, आणि भोवतालच्या रानावर वाडीचा सामूहिक हक्क. वाडीनं रान राखावं आणि त्याचे दर वर्षी पैसे घ्यावेत, अशी योजना; राखणीला नेमलं हिरूला. पैसे यायचे कुठल्याशा परदेशी कंपनीकडून, जिच्या कारखान्यांचा धूर फार झाला होता. हिरूनं शब्बीरभाईंना ही योजना अशी समजावली: "धूर काढणार ते, नि झाडं राखणार आमी. जेवला कोण नि भांडी घासतंय कोण!"

"पण पैसे देतात ना?"

"म्हणून तर घासते."

पहिल्या वर्षी तिनं भांडी लख्ख घासली. लाकडं भरून निघालेल्या टेंपोपुढे रस्त्यात फतकल मारून बसली आणि त्याला माल उतरवायला लावला. धबधब्यावर बाटल्या फोडणाऱ्या पोरांना थेट डांबरी रस्त्यापर्यंत हाकललं. आलेल्या पैशांतून खालची विहीर बांधून झाली. पुढच्या पैशांत मोटर बसणार होती आणि पाणी नळानं वर वाडीत चढणार होतं. डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढणं संपणार, म्हणून शेजारची गोदाआजी तर आत्तापासूनच लाडावल्यासारखी वागत होती.

दसरा झाला आणि साईनाथ आला. साईनाथ संस्थेचा माणूस, भिसेगावचा. पोरगा गुणाचा, फक्त हातात कागद आला की त्याचा आवाज बदलतो. कागद हातात होता. यापुढे रान पूर्ण बंद. लाकूड नाही, भाजी नाही, चूल नाही. बाहेरच्यांना नाही, तसंच वाडीतल्यांनाही नाही.

"आन वाघबारस?" हिरूनं विचारलं.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, अख्खी वाडी रानात वाघोबाच्या दगडापाशी जाते. तिथंच चूल मांडायची, कोंबडं आणि भात रांधायचा. रीत अशी, की शिजलेलं सगळं तिथंच संपवायचं, एक शीतही घरी आणायचं नाही. आणि वाटेनं येईल तो कुणी का असेना, त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही.

"यंदा घरूनच नमस्कार करा, मावशी. आत चूल पेटली तर मला फोटो वर पाठवावा लागेल. पैसे थांबतील."

"अरं, वाघोबा वर्साला एका कोंबड्यावर रान राखत आलाय. त्याचं कोंबडं बंद करून त्याचं काम आमाला देताय व्हय? आमी कुणाच्या पोटावर पाय देत नाय!"

साईनाथ गेला, पण वाडीत गोदाआजी उभी राहिली. "तुज्या जिभंनं पाणी वर चढणार हाय का गं? वाघोबा समजून घेईल. माजे गुडघे घेत नाय."

गुडघे हिरूलाही होते. पण भाजी तोडायची तर भीत भीत, मोळी आणायची तर लपवून. म्हणजे आपल्याच रानात चोर व्हायचं. आणि चोर धरायची नोकरीही तिचीच! स्वतःला धरून ती नेणार कुणाकडे होती?

वाघबारशीला कोंबडं बगलेत मारून ती सगळ्यांच्या पुढे निघाली. मागून वाडी, आणि सगळ्यात मागे गोदाआजी. "मी जेवायला येतेय. मला पटलंय आसं नाय," हे ती वाटेतल्या प्रत्येक झाडाला सांगत होती.

चूल पेटली तसा साईनाथ हजर. त्यानं मुकाट्यानं फोटो काढला आणि वळला, तर गोदाआजीनं त्याचं मनगट धरलं. "बस. जेवल्याबिगर जायचं नाय."

"आजी, मी तक्रार करायला आलोय!"

"मग पोटभर जेवून कर."

साईनाथ बसला. पत्रावळीवर भात आला, रस्सा आला. त्यानं रस्सा पुन्हा मागून घेतला. बोटं चाटून झाल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, अजून सांभाळून घेता येईल. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहितो. तुम्ही फक्त अंगठा द्या. मोटर येईल."

"चूक? मग रस्सा कशाला मागून घेतलास रं?" हिरू उभी राहिली. "लिही. पैसे द्या, रान राखू. देऊ नका, तरी राखू. पण आमी आत येणार, भाजी तोडणार, हितं चूल मांडणार. पटलं तर पाठवा पैसे. नाय तर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." मग ती वाडीकडे वळली. तिचा आवाज थोडा खाली आला. "पण मोटर काय माज्या एकटीची नाय. ज्यास्नी पटत आसंल त्यांनी हात वर करा."

आधी एकच हात वर गेला, भातानं माखलेला. गोदाआजीचा. त्यामागून सगळे.

साईनाथनं जसंच्या तसं लिहून पाठवलं. पैसे थांबले, जाकीट आणि शिट्टी परत गेली. रान आहे तिथंच आहे, आणि टेंपोवाले अजूनही हिरूला बघून गाडी वळवतात.

उन्हाळ्यात विहिरीवरून चढ चढताना हिरू पुढे असते आणि हंडा घेतलेली गोदाआजी मागे. आजी पावलागणिक तिला शिव्या देते. हिरूच्या माहेरचंही कुणी त्यातून सुटत नाही. एकदा हिरू वैतागून थांबली. "आजे, येवढं वाटतं तर त्या दिवशी हात कशाला वर केलास?"

गोदाआजीनं दम घेतला. "शिव्या तुला हायेत. हात त्या पैसेवाल्यांना दावला व्हता," ती म्हणाली. "चल पुढं, हंडा जड हाय."