एका दिवसाला एक चाल

भांडण झालं ते एका घोड्यावरून. सायकल दुरुस्तीच्या दुकानात दोघे भाऊ बुद्धिबळ खेळत होते. थोरल्यानं घोड्याला हात लावला, मग विचार बदलून उंट उचलला. धाकटा म्हणाला, "हात लावलास, आता घोडाच खेळ." निमित्त एवढंच. पण बोलण्यानं बोलणं वाढलं.

"तुझ्या शाळेपायी मी लहानपणीच पाना हातात धरला!"

"मग मी कुठे साहेब झालो? तुझ्याच शेजारी बसून पंक्चर काढतोय ना?"

तेव्हापासून दोघांत अबोला. दुकान एकच, वडिलांचं. सकाळी थोरला बसायचा, दुपारनंतर धाकटा. बोलणं बंद झालं, खेळ मात्र बंद झाला नाही. हट्टी माणसांचं सगळंच अजब. फळीवर पट मांडलेला असायचा. थोरला जेवायला जाताना एक चाल करायचा आणि धाकटा शटर ओढताना एक. ग्रीसच्या हातांनी पांढरे मोहरेही काळेकुट्ट झाले, तेव्हा धाकट्यानं त्यांच्या गळ्यात व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे अडकवले. ओळखायला तेवढीच खूण.

डाव आणि आयुष्य बरोबरीनंच चाललं होतं. मारामारीची वेळ आली की दोघंही मोहरे नुसते मागेपुढे करत बसायचे, म्हणून एकच डाव वर्षानुवर्षं पुरला. तरुणपणी दोघंही प्यादी धडाधड पुढे ढकलायचे. प्याद्याला मागे येता येत नाही, हे कुणाच्या गावी नव्हतं. मग लग्नं, पोरंबाळं, दुखणीखुपणी आली आणि पटावरही अशी दाटी झाली की हात कुठे घालावा कळेना. धाकट्याला मुलगी झाली त्या आठवड्यात त्याचा वजीर असा मोकाट सुटला की थोरल्यानं कुणी न सांगताच ओळखलं, घरी काहीतरी चांगलं घडलंय. आता दोघांचे केस पांढरे झाले होते आणि पटावर मोजकेच मोहरे उरले होते. अशा वेळी जन्मभर कोपऱ्यात दडून बसलेल्या राजालाही स्वतःच्या पायांनी बाहेर पडावं लागतं. थोरल्यानं मनाशी पक्कं केलं होतं, हा डाव बरोबरीत सोडवायचा, त्या दिवशी धाकटा येईपर्यंत दुकानात थांबायचं आणि पहिला शब्द आपणच टाकायचा. नुसत्या विचारानंही त्याला बरं वाटायचं.

एके सकाळी पाहतो तर धाकट्यानं हत्ती फुकटात मारायला ठेवलेला. चुकून झालं असेल, म्हणून थोरल्यानं त्याला धक्का लावला नाही. दुसऱ्या दिवशी घोड्याचीही तीच गत. वर गेले काही आठवडे दुपारची कामं तशीच पडत होती: दुरुस्तीच्या सायकली भिंतीला टेकलेल्या, धाकट्याच्या घमेल्यातलं पाणी शेवाळलेलं. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "काम करत नाही, खेळही धड खेळत नाही. म्हातारा झालो म्हणून दया दाखवतोय मला? शाळा यानंच शिकायची आणि उपकारही यानंच करायचे?" त्यानं हत्ती मारला, मग घोडा मारला, दोन-चार दिवसांत राजाला कोपऱ्यात गाठून मात केली आणि तो पटावर आडवा ठेवला. त्या दुपारी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच धाकट्याची बायको समोर उभी.

"दादा, हे गेले. पहाटे."

थोरल्याला काही उमजेना. "अगं, परवा तर चाल करून गेला तो."

"कुठले येतायत! महिनाभर अंथरुणाला खिळले होते. घरून चाल सांगायचे, मी संध्याकाळी येऊन मोहरा हलवायचे आणि शटर ओढायचे. गेल्या आठवड्यात तापात बरळायला लागले. मग मीच हाताला लागेल ते पुढे सरकवत गेले. मला काय कळतंय त्यातलं?"

"आणि मला कळवावंसं वाटलं नाही?"

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणायचे, दुखण्याचं कळलं तर दादा मुद्दाम हरेल."

थोरल्याची नजर पटावरच्या आडव्या राजाकडे गेली. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काल संध्याकाळी जरा शुद्धीवर आले. रोजच्यासारखं विचारलं, दादानं काय खेळलं? मला खोटं बोलायचं सुचलं नाही हो. सांगितलं, तुमचा राजा आडवा पडलाय. तर म्हणाले, 'म्हणजे त्याचं माझ्याशी बोलणं संपलं.' त्यानंतर पाणीसुद्धा घेतलं नाही."