उघडलं की धुवायचं

नगरच्या एमआयडीसीतली ती शेड दुपारी फार शांत असायची. सर्व्हर म्हटलं की पंख्यांची घरघर आठवते. आमच्या रॅकला पंखे नव्हते. लोखंडी कपाटासारख्या त्या रॅकमध्ये आठ सर्व्हर एकाखाली एक बसवलेले होते आणि प्रत्येकातून फिकट हिरवं पाणी फिरायचं. सगळे त्याला पाणीच म्हणत. प्रत्यक्षात ते शुद्ध पाण्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध मिसळून केलेलं असे. पारदर्शक नळीतून एखादा बुडबुडा वर निघायचा, वळणावर थबकायचा, मग पुढे सरकायचा. जेवणानंतर त्याच्याकडे बघत बसलं की वेळ कुठे जाई, ते कळत नसे.

वर्तमानपत्रातलं उपसंपादकाचं काम सोडून मी तिथे देखभालीची पुस्तिका लिहायला आलो होतो. बिघडलेला सर्व्हर बाकीचे चालू ठेवून कसा काढायचा आणि परत कसा बसवायचा, हे त्यात सांगायचं होतं. शेडचा मूळ धंदा दूध थंड करण्याच्या टाक्यांचा. रॅक हा नवा प्रयोग. तो आखणारी इंजिनिअर देवळाली प्रवराची, ऊसवाल्या घरातली. जोडणी करणारा फिटर तिसगावचा; त्याची हयात गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर टाक्या दुरुस्त करण्यात गेलेली. त्याला सगळे मामा म्हणत.

पहिल्या आराखड्यात नळ्या जोडायची कपलिंगं रॅकच्या मागे होती. मी लिहिलं: ‘उजवा हात मागे घालून न दिसणारा खटका चाचपून दाबावा.’

तिने ते वाचलं. “वाक्य वाईट आहे.”

“यंत्र तसं आहे,” मी म्हणालो.

मामा हसला. “ताई, म्हशीची कास बी धार काढताना समोर दिसती. तुमी तर पाठीमागं लपवली.”

आठवड्याभरात कपलिंगं पुढे आली. सर्वांत खाली, म्हणजे थेंब पडलाच तर कोणत्याही सर्व्हरवर पडणार नाही. पान्याऐवजी हाताने फिरतील अशी. ती मामाची अट. पाना लागला की माणसं पाना विसरून येतात, हा त्याचा अनुभव. पुस्तिकेची चार पानं कमी झाली.

रॅक पुण्याकडच्या एका डेटा सेंटरला चाचणीसाठी गेला आणि काही आठवड्यांनी परत आला. एक सर्व्हर सारखा तापत होता. तिने तो उघडला. प्रोसेसरवर तांब्याची एक पाटी बसते. तिच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात आणि पाणी त्यांतून जातं. त्या खाचांत क्षारांचा पांढरा थर धरला होता. शेडमधल्या चहाच्या पातेल्याच्या तळाशी तसलाच थर होता.

कोणी विचारण्याआधी मामा बोलला. “मीच धुतल्या नळ्या. पाठवायच्या आधी, बोअरच्या नळाखाली. आतून-बाहेरून.”

“मामा, कशाला?”

“उघडलेलं धुतल्याबिगर लावायचं व्हय? दुधाच्या लायनीत तसं केलं तर सकाळी सगळं नासतंय.”

ती पाटी उन्हात धरून बराच वेळ बघत राहिली.

शेडच्या मालकाने त्याच दिवशी सांगितलं: डेटा सेंटर आणखी एक संधी देतंय. त्यांचा तंत्रज्ञ इथे येईल, हातात फक्त पुस्तिका घेऊन चालत्या रॅकमधला एक सर्व्हर काढून परत बसवेल. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. यावेळी जमलं नाही तर रॅक बंद, पुन्हा टाक्याच. तिची दोन वर्षं त्या कपाटात होती.

मी पुस्तिकेत ठळक अक्षरांत घातलं: ‘नळाचं पाणी वापरू नये.’

“ही बातमी झाली, उपाय नाही,” ती म्हणाली. “मामा, हे वाचून तुमचा हात थांबेल?”

मामाने प्रामाणिकपणे विचार केला. “आज थांबंल. म्हैन्यानं न्हाई थांबायचा.”

त्यानंतरचे काही दिवस ती नुसती मामाचे हात बघत होती. तो टाकीचे जोड उघडायचा, सुटे भाग काढल्या क्रमाने फडक्यावर मांडायचा, पाण्याकडे जायचा, परत यायचा. त्याच्या पावलांनी शेडच्या फरशीवर दारातल्या नळापर्यंत एक ओली वाट पडलेली असे. दुपारी ती वाळायची आणि तिच्या जागी पांढरट रेघ उरायची. ती त्या रेघेकडे बघत होती. मग एका सकाळी रॅकच्या दाराला आतून एक खण दिसला. खणात चोचीची बाटली, त्यात तेच हिरवं पाणी. खाली एक उथळ तबक आणि फडकं.

“घ्या,” ती मामाला म्हणाली. “धुवा किती धुवायचं ते.”

“पाटाच्या पान्यावर वाढलेली पोर,” मामा मला म्हणाला, “बाटलीत पानी मोजून द्यायला लागली. आमच्या टँकरच्या गावची सून शोभंल.”

“आधी रॅक पास होऊ द्या,” ती म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं.

तंत्रज्ञ आला तो काष्टीचा निघाला. बारीक, अबोल. आम्ही तिघे भिंतीशी उभे राहिलो. त्याने पुस्तिका रॅकवर ठेवली, पान उलटलं, कपलिंग फिरवलं. एक थेंब तबकात पडला. बाकीच्या सात सर्व्हरचे दिवे हिरवेच होते. त्याने सर्व्हर ओढून काढला, टेबलावर ठेवला. मग सुटी नळी हातात घेतली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं. तरी तो वळला. दाराजवळच्या बोअरच्या नळाकडे त्याने एक पाऊल टाकलं.

ती हलली नाही. मामाने डोळे मिटले.

दुसरं पाऊल पडायच्या आधी त्याची नजर रॅकच्या उघड्या दारावर गेली. तो थांबला. परत आला, बाटली काढली, नळीचं तोंड तबकावर धरून धुतलं, फडक्याने टिपलं, सर्व्हर आत सरकवला आणि कपलिंग हाताने घट्ट केलं. आमच्याकडे न बघता म्हणाला, “घरी दूध काढायचं मशीन हाय. धुतल्याबिगर हात लावूच वाटत न्हाई.”

“व्हय की,” मामा म्हणाला. बोलायचं नाही हा नियम तो विसरला होता.

पारदर्शक नळीत एक बुडबुडा शिरला होता. तो हळू वर चढला, वळणावर थबकला. सगळे बघत राहिलो, तंत्रज्ञसुद्धा. मग तो पुढे सरकला आणि आठवा दिवा हिरवा झाला. तिने भिंतीवरून पाठ काढली आणि जाऊन तबकातला तो एक थेंब फडक्याने पुसला.

पुस्तिकेतली ठळक ओळ मी त्या संध्याकाळी काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं: ‘धुवावं. बाटली रॅकच्या दारात आहे.’