आबांच्या ओव्यांसाठी बदललेला कॉम्प्युटर

आमच्या तीर्थपुरीच्या घरात कॉम्प्युटर आला तो ह्यांच्या कामासाठी. पुढच्या खोलीत बसून हे लग्नपत्रिका आणि दुकानांची हँडबिलं टाइप करून द्यायचे. मी शाळेत शिकवायचे. मला त्याचं काम पडायचं ते प्रश्नपत्रिकांपुरतं. पण तो बदलायचं टुमणं लावलं मी, आणि तेही आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी मेंढरांमागं रानोमाळ हिंडले, पुढं कुंभार पिंपळगावकडं थोडी शेती करून एका जागी बसले. धनगरी ओव्या म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या लहानपणी एका पाहुण्यानं टेपरेकॉर्डर आणला होता, तेव्हा त्यांच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. त्या कॅसेटची फीत आता मधेच ओढल्यासारखी वाजायची. ती पार जायच्या आत सीडीवर उतरवावी, असं मला फार वाटत होतं. जुना कॉम्प्युटर आवाज भरता भरता अडकून बसायचा. म्हणून आम्ही जालन्याहून नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि सीडी लिहिणारा ड्राइव्ह आणला. बाहेरचा डबा जुनाच ठेवला. जोडणी ह्यांनी हौसेनं स्वतः केली.

बटण दाबलं, पडदा उजळला आणि दोन क्षणांत सगळं विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"लाईट कमी-जास्त होऊन राह्यली," हे म्हणाले.

मी मान डोलावली. आमच्याकडं लाईटला दोष दिला की कुणी नाही म्हणत नाही. शेजारून स्टॅबिलायझर मागून आणला, तरी तेच. मग मी वरच्या बल्बकडं बघत बसले. कॉम्प्युटर विझला, पण बल्ब जरासुद्धा मंदावला नाही.

"अहो, लाईट बराबर हाय. यालाच आतून पुरंना गेली."

नव्या ड्राइव्हची वायर काढून ठेवली, तर गडी निमूट चालला. वायर जोडली की पुन्हा विझला. डब्यातला जुना पॉवर सप्लाय नव्या सामानाला कमी पडत होता. हे जालन्याला जाऊन मोठा घेऊन आले, आणि ते दुखणं मिटलं.

आता कॉम्प्युटर चालत होता, पण मुका. स्पीकरची पिन आम्ही मागच्या प्रत्येक भोकात घालून पाहिली. मदरबोर्डसोबत आलेली साउंडची सीडी दोनदा टाकून झाली. शेवटी ह्यांनी दुकानदाराला फोन लावला. तिकडून काय विचारलं कोण जाणे, ह्यांचा चेहरा पडला.

"दोन बारक्या काळ्या टोप्या होत्या मदरबोर्डवर," फोन ठेवून हे म्हणाले. "पिनांवर बसवलेल्या. मला वाटलं पॅकिंगच्या हायत."

"मंग?"

"काढून टाकल्या. त्यांच्यातूनच आवाज मागं जातो म्हणं."

टोप्या चष्म्याच्या डबीत सापडल्या. ह्यांनी दिवा धरला, मी भुवयांच्या चिमट्यानं त्या जागेवर बसवल्या. सुरू होतानाची धून इतकी मोठ्यानं वाजली की आम्ही दोघंही दचकलो, आणि मग हसत सुटलो.

टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून कॅसेट लावली तर आबांच्या आवाजामागं एक घुंऽऽ चाललेली. त्याच आठवड्यात आबा आमच्याकडं आले होते. कौतुकानं त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि झटकन काढला.

"माय, याला मुंग्या हायेत!"

तेव्हा कुठं ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं. बोलावलेला वायरमनही तेच म्हणाला. अंगणात खड्डा घ्यायचा होता, तर आबांनी कुदळ दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ दिली नाही. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वरून पाणी सोडलं.

"मीठ खायचं जमिनीनं आन् गळा सुधारायचा मशीनचा," आबा म्हणाले. "बघू बरं."

वायरमननं तार घरात आणून जोडली. डब्याच्या मुंग्या गेल्या, घुंऽऽसुद्धा गेली. त्या दुपारी आबा स्पीकरसमोर मांडी घालून बसले आणि तरुणपणीचा स्वतःचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. त्यांचे डोळे भरून येतील, असं मला वाटत होतं. ते मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"कसं वाटलं, आबा?"

"लई पळून राह्यलो मी. पाहुणा समोर बसल्ता ना, वाटलं फीत संपती का काय. ओवी अशी पळवायची नस्ती."

"मामा, आवाज मात्र खणखणीत हाय," हे म्हणाले.

"आवाजाला काय करता, पाव्हणं? जल्दी केली की ओवी वाया. हे पुन्हा भरता येतं का?"

ह्यांनी माइक जोडला. आबांनी डोक्याचा पटका नीट केला, घोटभर पाणी घेतलं आणि डोळे मिटले. आवाज थकलेला होता, वरच्या सुराला जरा चिरकत होता, पण प्रत्येक शब्द ते सावकाश, जागेवर ठेवत होते. मधे शेजारची शेळी ओरडली. ह्यांनी थांबवू का म्हणून माझ्याकडं पाहिलं. मी हातानंच नको म्हटलं आणि भिंतीला टेकून ऐकत राहिले.