टीबी निघाला नाही

राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यावर बाबांची पाठ दुखायला लागली. वर्षभर तेल चोळलं. मग मणका दबल्याचं निघालं आणि आजाराचं नाव कळलं, मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मगजातला कॅन्सर, एवढंच मला समजलं. इंजेक्शनं सुरू झाली, बाबा पुन्हा चौकापर्यंत जाऊ लागले.

थंडीत त्यांना दम लागायला लागला. डाव्या कुशीवर झोपवेना. आई म्हणाली, "कोळशाची धूळ हाय ते. इतके वर्षं खाल्ली." वणीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. उजवी बाजू खालून अर्धी पांढरी होती. "फुप्फुसाभोवती पाणी झालंय. टीबी असू शकतो."

त्याच संध्याकाळी आईने बाबांचं ताट-पेला वेगळा ठेवला. बाबांनी मला विचारलं, "बाई, बिमारी हाडाची ना? मंग पाणी छातीत काहून?"

मी त्यांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे त्यांना टेबलावर उशी ठेवून पुढे वाकवून बसवलं आणि पाठीतून सुई घातली. बाटलीत लालसर पाणी उतरत गेलं. दीड लिटर असेल. बाबांनी लांब श्वास घेतला आणि चहा मागितला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीण बाई माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "टीबी नाही." पुढेही त्या बोलत होत्या, पण मी तेवढंच ऐकलं. बाहेर येऊन आईला फोन लावला. "टीबी नाही निघाला!" मी हसतच होते. आईने लगेच ताट परत मांडणीत ठेवलं, शेजारणींना सांगितलं.

कागद घ्यायला आत गेले तेव्हा डॉक्टरीण बाईंनी मला बसवलं. "ताई, पाण्यात मायलोमाच्या पेशी सापडल्यात. फार क्वचित होतं असं. टीबी असता तर औषधानं बरा होण्याची आशा तरी जास्त होती."

मी तीनदा विचारलं, हाडातलं तिथे कसं पोचलं? त्यांनी तीनदा सांगितलं. बसमध्ये बसेपर्यंत माझ्याजवळ त्यातलं काही उरलं नव्हतं.

आईला सांगायला मला आठ दिवस लागले. तोवर पाणी पुन्हा भरलं होतं. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. ऐकून थांबली.

"मंग त्या दिवशी तू हसत काहून होती?"

"मले समजलंच नव्हतं, आई."

"आता समजलं?"

"नाही."

तिने सोललेले दाणे माझ्याकडे सरकवले, बाबांना मऊ उसळ करून दे म्हणाली. औषध बदललं, पाणी आणखी दोनदा काढलं. होळीच्या आधी, दुपारी, आईने पाठीशी लावलेल्या लोडाला टेकून बसले असताना बाबा गेले.