डोक्यातली बांधी

माझ्या नाकावर राग असतो, हे सावली गावच्या शाळेतली माझी पोरं कुणालाही सांगतील. मी त्यांना विज्ञान शिकवते. पण गेल्या उन्हाळ्यात राग धरायचा तर माझ्याच जिभेवर धरायला हवा होता.

आईला कंपवात होऊन चार वर्षं झाली. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जिच्या रोवण्याची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ यायची, ती आता धुऱ्याच्या बांधावर बसून रोवणाऱ्या बायांकडे पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, पेंड्या फेकायची. त्याही भलतीकडे पडायच्या. बाया हसत नसत, आणि तेच तिला जास्त लागायचं.

अशात मी मोबाईलवर वाचलं, की तांदळाच्या कणीहून लहान यंत्र मेंदूत बसवतात, ते उजेडाच्या मदतीनं मेंदूशी बोलतं, आणि पुढेमागे अशा आजारांवर त्याचा उपयोग होईल. मी धावत जाऊन आईला सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्यातलं ‘पुढेमागे’ मी सांगितलं की गाळलं, आता आठवत नाही.

“डोक्यात दिवा लावतेत म्हन की,” आई खुलली. “मंग या सालच्या रोवण्याले मी पाण्यात उतरतो, पायजो.”

दोनच आठवड्यांत तिचं अंग लाकडासारखं कडक झालं. घास गिळेना. एकदा न्हाणीत पडली. चंद्रपूरला नेलं, तर डॉक्टरांनी पहिलं विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना?” मी छातीठोकपणे हो म्हटलं. आईनं मान खाली घातली.

बाहेर बाकावर मी चारचौघांत तिच्यावर ओरडले, “काऊन बंद केल्या व आई?”

“अवं, नवं पीक घ्याचं तर बांधी आधी साफ करा लागते ना,” ती शांतपणे म्हणाली. “जुनं तसंच ठेवून कोनी पऱ्हे लावते काय? गोळ्यायचं सारं निघून गेलं का कणी बराबर बसते.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. जन्मभर धान पिकवलेल्या बाईचा हिशोब होता, त्यात खोट नव्हती. खोट माझी होती. मी तिला अर्धाच धडा शिकवला होता. उरलेला तिथंच, बाकावर शिकवला. हे सगळं अजून उंदरांवर चाललंय, माणसांपर्यंत कधी येईल ते करणाऱ्यांनाही ठाऊक नाही, तोवर गोळ्याच घ्यायच्या. सांगताना रडू मलाच आलं.

“म्हंजे या रोवण्याले नाई,” आई म्हणाली.

“नाई.”

“माह्या जीवात जीव हाय तवरी?”

खोटं बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. “नाई वाटत, आई.”

 आईनं माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, पालथा केला, उताणा केला, बोटं एकेक करून सरळ केली. तिच्या हातात माझाही हात थरथरत होता.

“अन् हे उद्या तुले झालं तर? तुह्या उमरीत येईल ना ती कणी?”

“येईल,” मी म्हणाले.